वर्षाला थ्रो किती होतात, ते आधी मोज

प्रश्न थोडक्यात असा: कल्याणला राहणारी एक वाचक मुलगी लिहिते. वय २१, एम.कॉम.चं पहिलं वर्ष. शाळेत गोळाफेक करायची, अकरावीपासून हॅमर, म्हणजे हातोडाफेक: वायरला लावलेला धातूचा गोळा स्वतःभोवती फिरत वेग देऊन फेकायचा. चार किलोच्या हॅमरची सर्वोत्तम फेक ५६.४० मीटर, त्याआधीच्या वर्षी ५५.९०. आकडा हलत नाही. रेल्वेच्या खेळाडू कोट्यातून क्लार्कची नोकरी समोर आली आहे. बाबा म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नसते. सर म्हणतात, नोकरी घेतलीस की खेळ संपला, त्यापेक्षा आठ लाखांचं कर्ज काढ आणि सहा महिने पूर्व युरोपात जाऊन सराव कर. जिममधला ट्रेनर म्हणतो, ७२ किलो वजनावर हॅमर लांब जात नाही, मी देतो ती पावडर सुरू कर. केज, म्हणजे ज्याच्या आतून हॅमर फेकतात तो जाळीचा पिंजरा, शनिवार-रविवारच मिळते आणि जून ते सप्टेंबर तीही नाही. तिला आंतरराष्ट्रीय खेळाडू व्हायचंय. ती विचारते, "नोकरी घेतली म्हणजे स्वप्न सोडलं का? आणि मला उशीर झालाय का?"

उत्तर:

तुझ्या पत्रात नोकरी आहे, कर्ज आहे, वजन आहे, वय आहे. या सगळ्यावर बोलू. पण केज शनिवार-रविवारच मिळते, हे वाक्य तू जाता जाता लिहिलंयस आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

जरा हिशेब करू. आठवड्याचे दोन दिवस, त्यात त्याच केजमध्ये थाळीफेकवाले असणार. म्हणजे तुझ्या वाट्याला एका दिवशी बारा-तेरा थ्रो, आठवड्याला २५. पावसाळा, परीक्षा, सणवार वजा केले की वर्षाचे ३४ आठवडे उरतात. गुणाकार कर, साडेआठशे होतात. अकरावीपासूनच्या पाच वर्षांत मिळून साधारण ४२५०. ज्या मुलीला आठवड्यातून चार दिवस केज मिळते, ती दिवसाला वीस थ्रो आणि वर्षाला चाळीस आठवडे धरले तर ३२०० थ्रो एकाच वर्षात करते. म्हणजे हॅमरच्या हिशेबात तुझं वय जेमतेम सव्वा वर्षाचं आहे. आकडा ५६ वर अडकला म्हणून ताकदीला किंवा नशिबाला दोष देण्याआधी हे ८५० आणि ३२०० वहीच्या पहिल्या पानावर लिही. नोकरी घ्यावी का, परदेशी जावं का, कर्ज काढावं का, प्रत्येक वेळी एकच विचार: याने माझे वर्षाचे थ्रो वाढतात की नाही?

आता वय. हॅमरमध्ये २१ म्हणजे कोवळं वय. जपानचा कोजी मुरोफुशी २०११ साली दक्षिण कोरियात देगूला जगज्जेता झाला तेव्हा ३६ वर्षांचा होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण घेणारा पोलंडचा वोइचेख नोवित्स्की ३२ चा होता, आणि महिलांचं सुवर्ण घेतलं त्या दिवशी अनिता व्लोदार्चिकच्या ३६ व्या वाढदिवसाला पाच दिवस बाकी होते. दुसरी बाजूही आहे. महिलांचा हॅमर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो २००० साली सिडनीला आणि ते सुवर्ण पोलंडच्या कामिला स्कोलिमोव्स्कानं १७ व्या वर्षी नेलं. पॅरिसचा विजेता कॅनडाचा ईथन कॅट्झबर्ग २२ चा होता. अशी मुलं लवकर वर येतात, येऊ देत. टर्नचा, म्हणजे हॅमर धरून घेतलेल्या गिरक्यांचा ताल, पायांची घाई न करणं, वायरच्या ओढीवर बसता येणं, हे बहुतेकांच्या अंगात सावकाश मुरतं आणि एकदा मुरलं की पुष्कळ वर्षं टिकतं.

'आंतरराष्ट्रीय' या शब्दाच्या मात्र पायऱ्या करायला हव्यात. पॅरिस ऑलिंपिकला थेट प्रवेशासाठी महिलांना ७४ मीटर लागत होते आणि कॅनडाच्या कॅमरिन रॉजर्सनं सुवर्ण घेतलं ७६.९७ वर. विश्वविक्रम व्लोदार्चिकचा, २०१६ मधला, ८२.९८. हे आकडे ५६ वरून बघितले की छाती दडपते. आता आशियात ये. २०१४ च्या इंचिऑन एशियाडला मंजू बालानं ६०.४७ मीटरवर भारताला पदक मिळवून दिलं. २०२३ ला हांगझाऊत कांस्यपदक ६४ मीटरच्या जरा पुढे होतं. आपल्या सरिता सिंगनं २०१७ मध्ये ६५.२५ टाकला होता. म्हणजे तुझ्यात आणि एशियाडच्या पदकात आठ मीटर आहेत, तुझ्यात आणि ऑलिंपिकच्या पात्रतेत साडेसतरा. आठ मीटर चार वर्षांत भरून काढता येतील अशी आशा धरायला जागा आहे. साडेसतरांबद्दल आज कुणी तुला शब्द देत असेल, तर त्याच्या शब्दावर कर्ज काढू नकोस.

मधली एक पायरी तुझ्या डोळ्यांआड गेलेली दिसते. जागतिक विद्यापीठ स्पर्धा १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि पुढची २०२७ ला दक्षिण कोरियात चुंगचाँगला आहे. तिथे जायचं तर विद्यार्थी असावं लागतं किंवा नुकतंच शिक्षण पूर्ण झालेलं असावं लागतं. नोकरी घेतली की एम.कॉम. सोडून देईन, असं तू लिहिलंयस. ते करू नकोस. नोकरी करताना आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्र राहतेस का, हे विद्यापीठाच्या क्रीडा विभागात प्रत्यक्ष जाऊन विचार आणि उत्तर लेखी घे. पात्र राहत नसशील तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलता येते का, हेही बघ.

नोकरीबद्दल सरांची भीती खोटी नाही. खेळाडू कोट्यातून लागलेली कितीतरी मुलं नोकरी पक्की झाली की मैदान सोडतात. आधी सकाळचा सराव जातो, मग वजन वाढतं, मग फक्त खात्याच्या स्पर्धेपुरते बूट बाहेर निघतात. पण हा दोष नोकरीचा कमी आणि नोकरी घेताना काहीच न विचारण्याचा जास्त. हॅमर हा असा खेळ आहे की त्यात पैसा फार नाही. डायमंड लीग या ॲथलेटिक्सच्या मोठ्या व्यावसायिक मालिकेच्या मुख्य कार्यक्रमात तो नाही. जाहिरातदार धावपटूंकडे वळतात, अलीकडे भालाफेकीकडे, हॅमरकडे क्वचित. मग पंधरा वर्षं हा खेळ कोण पोसणार? आपल्याकडे रेल्वे, सेनादलं, पोलीस यांनीच पोसला. महाभारत मालिकेतला भीम आठवतो ना, प्रवीणकुमार? तो सीमा सुरक्षा दलात होता. १९६६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं हॅमरमध्ये रौप्य घेतलं आणि त्याच वर्षी बँकॉक एशियाडला थाळीत सुवर्ण, हॅमरमध्ये कांस्य. बाबांना हे सांग, सरांनाही सांग.

माझं मत विचारशील तर नोकरी घे. पण सही करण्याआधी काही गोष्टी तोंडी नको, कागदावर हव्यात. पोस्टिंग कुठे? हा सगळ्यात मोठा प्रश्न. कल्याणहून कांदिवलीला सरावाला जायचं म्हणजे दादरला गाडी बदलून एका बाजूला दीड-दोन तास, तेही आठ-दहा किलोची बॅग घेऊन. त्यात ऑफिस तिसऱ्याच टोकाला असेल तर चार दिवसांच्या सरावाचे पुन्हा दोन होतात. म्हणून मैदानाजवळचं पोस्टिंग माग, नाहीतर मैदानाजवळच्या रेल्वे क्वार्टरचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाक. सरावासाठी ड्युटीतून सवलत किती तास, ती वर्षभर की स्पर्धेच्या आधीच, शिबिराला आणि स्पर्धेला विशेष रजा किती दिवस, नोकरी न सोडण्याचा बाँड किती वर्षांचा, रुजू झाल्यावरचं प्रशिक्षण किती महिन्यांचं आणि कुठल्या गावी, एम.कॉम. चालू ठेवायची परवानगी मिळेल का, हे सगळं विचार. परदेशातल्या स्पर्धेसाठी खात्याचं ना-हरकत पत्र लागतं, त्याला किती दिवस लागतात तेही. आधीपासून तिथे नोकरीला असलेल्या दोन-तीन थ्रोअर मुलींना गाठ आणि नोकरी लागण्याआधीची आणि तीन वर्षांनंतरची त्यांची फेक विचार. त्या खात्यात खेळ टिकतो की नाही, हे त्या दोन आकड्यांवरून कळेल.

आता आठ लाखांकडे वळू. बारा टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी घेतलेस तर महिन्याचा हप्ता पावणेअठरा हजारांच्या आसपास बसतो. नोकरी सोडून हा हप्ता कोण भरणार, बाबाच ना? बरं, सहा महिन्यांत मिळेल काय? चांगला प्रशिक्षक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तुझे टर्न मोडून नव्यानं बांधतो. त्या काळात फेक वाढत नाही, आधी कमी होते. नवं बसायला सीझन जातो आणि ते बसायच्या सुमारास तुझा व्हिसा संपतो. परत आलीस की केज पुन्हा शनिवार-रविवारची. परदेशात जाऊ नकोस असं म्हणत नाही. ६० मीटर पार कर, हाताशी पगार आणि विशेष रजा येऊ दे, मग तीन-चार आठवड्यांसाठी ठरावीक प्रशिक्षकाकडे ठरावीक चूक दुरुस्त करायला जा. त्याआधी राष्ट्रीय शिबिराचा रस्ता धर. तिथे जायला फेडरेशन कप, आंतरराज्य आणि ओपन नॅशनल्स या स्पर्धांतली फेक मोजतात. गावच्या मैदानावर सरावात टाकलेले ५८ तिथे चालत नाहीत.

हे वाचणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलींसाठी एक गोष्ट इथेच सांगते. अमेरिकेतल्या विद्यापीठांची क्रीडा शिष्यवृत्ती हा हॅमरसाठी खरोखर चांगला मार्ग आहे. कॅमरिन रॉजर्सही बर्कलीतून, तिथल्या विद्यापीठाच्या संघातून पुढे आली. पण तिथे खेळायची वर्षं मोजलेली असतात आणि बारावीनंतर जितका उशीर कराल तितकी ती कमी होत जातात. तुझ्यासाठी तो दरवाजा बराच लोटला गेलाय. तुमच्यासाठी उघडा आहे.

आता प्रत्यक्ष हॅमरवर येते, कारण आकडा का अडकलाय हे कळल्याशिवाय नोकरी काय आणि युरोप काय, काही उपयोग नाही.

येत्या दोन आठवड्यांत एक चाचणी कर. एकाच दिवशी, नीट वॉर्मअप करून, ३, ४ आणि ५ किलोच्या हॅमरचे प्रत्येकी पाच थ्रो टाक आणि प्रत्येकाची सर्वोत्तम फेक लिही. तीन किलोचा हॅमर चारच्या फारसा पुढे जात नसेल, तर पाय मंद आहेत किंवा टर्नमध्ये वेग चढतच नाही. हलका गोळासुद्धा तू एकाच चालीनं फिरवतेयस. आणि पाच किलोवर फेक एकदम कोसळत असेल, तर ओढीपुढे अंग टिकत नाही, ताकद कमी पडतेय. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत आणि बहुतेक जण दोन्हीला एकच औषध देतात, ते म्हणजे जिम.

ओढ म्हणजे किती, हे एकदा आकड्यात बघ. ५६ मीटरच्या फेकीत गोळा हातातून सुटताना वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास असतो आणि त्या क्षणी वायर तुला साधारण १३० किलोच्या ओढीनं बाहेर खेचत असते. ६४ मीटरला हीच ओढ १५० किलोपर्यंत जाते. तुझं वजन ७२. म्हणजे जिमवाल्याच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, वजन आणि पायांची ताकद लागते. पण त्याहून स्वस्तात मिळणारी गोष्ट आहे त्रिज्या, म्हणजे फिरण्याच्या मध्यापासून गोळ्यापर्यंतचं अंतर. टर्न तेवढ्याच वेगानं मारून, कोपरं वाकल्यामुळे किंवा खांदे आखडल्यामुळे गोळा दहा सेंटिमीटर आत आला, तर कागदावरच्या गणितात सहा मीटरच्या आसपास फेक जाते. हात म्हणजे वायरचा पुढचा भाग समज. त्यांनी ओढायचं नसतं, लांब राहायचं असतं.

मोबाइल केजच्या मागे, कमरेच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण कर आणि फक्त एक गोष्ट बघ: उजवा पाय जमिनीला टेकतो तेव्हा गोळा कुठे आहे? तू उजव्या हातानं टाकतेस असं धरून सांगते. पाय टेकताना गोळा अजून वर, त्याच्या वाटेच्या उंच टोकापाशी असला, तर खाली येणाऱ्या सगळ्या उतारावर तुला त्याला वेग देता येतो. पाय टेकेपर्यंत गोळा निम्मा खाली आलेला असेल तर तो टर्न वाया गेला, तू नुसती त्याच्यामागे फरफटत गेलीस. ही चूक बहुतेक वेळा पहिल्या टर्नमध्ये सुरू होते, कारण स्विंग (टर्नआधी जागेवर उभं राहून हॅमर डोक्याभोवती फिरवणं) संपल्या संपल्या घाई होते. पहिला टर्न सावकाश, दुसरा त्याहून जलद, शेवटचा सगळ्यात जलद. उलट क्रम झाला की तिसऱ्या टर्नला वेग वाढवायला काही शिल्लकच राहत नाही. चार टर्नचा हट्ट आत्ता नको. तीन स्वच्छ झाले की चौथा लाव. आणि थ्रो सारखे उजवीकडे जाळीत जात असतील तर गोळा लवकर सुटतोय, डावीकडे जात असतील तर उशिरा. नुसतं 'फाऊल' असं लिहू नकोस, उजवा की डावा तेही लिही. फाऊलनं भल्याभल्यांना घरी पाठवलंय: पुढे पाच वेळा जगज्जेता झालेला पोलंडचा पावेल फायदेक २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत तिन्ही फाऊल करून बाहेर गेला होता.

वजन वाढवायचं तर दीड वर्षात सहा किलो, म्हणजे महिन्याला तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. त्यासाठी दिवसाला ११५ ते १४५ ग्रॅम प्रथिनं लागतील. चार अंडी, पन्नास ग्रॅम सोयाबीनची वडी, दोन वाट्या उसळ, दीडशे ग्रॅम चिकन आणि अर्धा लिटर दूध, एवढ्यात साधारण १२० होतात. हे घरच्या स्वयंपाकात बसतं. आईला यादी करून दे, डबा तसा भर. त्याबरोबर स्क्वॉट, क्लीन, स्नॅच, रोमानियन डेडलिफ्ट या वजनाच्या व्यायामांचे आकडे महिन्याला एकदा नोंदव. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे. थकवा पाळीमुळे की सरावामुळे, हे अंदाजावर सोडू नकोस.

ती पावडर मात्र घरात आणू नकोस. उत्तेजकांच्या नियमात शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, कुणी दिलं हे सांगून सुटका होत नाही. शिक्षा चार वर्षांपर्यंत जाते, म्हणजे तुझी २१ ते २५ ही सगळी वर्षं. डब्यावर न लिहिलेला घटक आत असू शकतो, आयुर्वेदिक चूर्णातही आणि खोकल्याच्या औषधातही. औषधं 'नाडा'च्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 'नो युवर मेडिसिन' (Know Your Medicine) या ॲपवर तपास, पण जिममधल्या सुट्या पावडरीची खात्री कुठलंच ॲप देऊ शकत नाही. हॅमरला या बाबतीत वाईट इतिहास आहे. २००४ ला अथेन्समध्ये हंगेरीच्या आद्रियान आनुशचं सुवर्ण उत्तेजक चाचणीच्या नियमभंगावरून काढून घेतलं आणि ते मुरोफुशीला दिलं. पदक नंतर हाती आलं, पण जिंकल्याच्या संध्याकाळी व्यासपीठावर सगळ्यात वर उभं राहायचं राहूनच गेलं.

आता ३२०० थ्रो मुंबईत आणायचे कुठून? इथे मैदानं क्रिकेटची आहेत, फुटबॉलच्या टर्फवर हॅमर कुणी येऊ देत नाही आणि ते बरोबरही आहे. नवी केज शोधताना ती हॅमरची आहे की नुसती थाळीची, हे आधी बघ. थाळीचं सर्कल, म्हणजे ज्यात उभं राहून फेकायचं ते वर्तुळ, अडीच मीटर व्यासाचं असतं, हॅमरचं २.१३५. मोठ्या सर्कलमध्ये आत रिंग बसवून चालतं, पण थाळीच्या चार मीटर उंच जाळीवरून हॅमर सहज पलीकडे जातो. हॅमरला मागची जाळी किमान सात मीटर आणि पुढे उघडझाप होणारी दोन दारं लागतात. उजव्या हाताच्या थ्रोअरसाठी डावं दार आत ओढलेलं हवं. जाळीला टेकून कुणालाही उभं राहू देऊ नकोस, जाळी बाहेर फुगते.

सध्याच्या मैदानावर दोनाचे तीन दिवस मिळवायचा एक साधा उपाय आहे. हॅमर पडतो तिथे मनगटभर खड्डा होतो आणि मैदानाच्या माळ्याचा राग त्या खड्ड्यांवर असतो. खुरपं आणि मातीची पिशवी बरोबर ने, सराव संपल्यावर प्रत्येक खड्डा स्वतः भर, पायानं दाब, पाणी मार. महिनाभर हे केलंस की मंगळवारची सकाळ मागायला तोंड राहील. चौथा दिवस महिन्यातून दोनदा पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मिळतो का, याची चौकशी कर. मिळाला तर दोन दिवस राहून दोन्ही वेळा सराव करता येईल.

पावसाळ्यात कोरडी, टणक, छप्पर असलेली जागा शोध. सोसायटीचं पार्किंगही चालतं. हॅमर न सोडता, दांडा धरून किंवा रिकाम्या हातानं रोज साठ-सत्तर टर्न मार, टाच आणि चवडा यांचा क्रम डोळे मिटूनही चुकणार नाही इतके. ओल्या सर्कलवर थ्रो मारू नकोस. ओपन नॅशनल्स अनेकदा पावसाळ्याच्या शेवटीच येतात, म्हणून ऑगस्टचे दोन आठवडे कोरड्या गावी सराव कसा होईल, याची सोय मे महिन्यातच लाव. नोकरी लागल्यावर याच कामासाठी विशेष रजा वापरायची.

आपल्या खाऱ्या हवेत वायर लवकर गंजते. सराव झाला की कोरड्या फडक्यानं पूस, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरव, गोळ्यावरच्या स्विव्हलमध्ये (वायर अडकवायच्या फिरत्या जोडात) ग्रीस ठेव. लोकलमध्ये नेताना वायर दुमडू नकोस, काढून मोठ्या वेटोळ्यात ठेव. एकदा पडलेली घडी पुढे तिथेच तुटते. वायर एकसंध, किमान तीन मिलिमीटर जाडीची हवी. टोकाच्या वळशापाशी नख फिरवून बघ. खरखर लागली की टाकून दे. वापरून वायर ताणली जाते, म्हणून स्पर्धेआधी लांबी मोज: हँडलच्या आतल्या बाजूपासून गोळ्याच्या टोकापर्यंत ११९.५ सेंटिमीटरच्या वर गेली तर हॅमर तपासणीतच बाद होतो. दोन जादा वायर आणि बोटांची टोकं उघडी असलेला एक जादा ग्लोव्ह बॅगेत कायम ठेव.

सरांशी बोलताना नोकरी घेऊ की नको, असं विचारू नकोस. चाचणीचे तीन आकडे, स्लो मोशनची चित्रफीत आणि ८५०-३२०० चं पान त्यांच्यापुढे ठेव आणि विचार, "सर, नोकरी धरून आठवड्याचे चार दिवस कसे बसवायचे?" त्यांनी तुला शून्यातून ५६ पर्यंत आणलंय. पुढची आखणी त्यांच्यासोबतच व्हायला हवी. बाबांना वरचे सगळे प्रश्न लिहून दे आणि रेल्वेच्या कार्यालयात जाताना त्यांना बरोबर घे. नोकरीची कागदपत्रं वाचायला त्यांच्याइतकं काळजीनं दुसरं कुणी बसणार नाही. आणि पाच किलोचा हॅमर तुझ्याकडे नसेल तर चाचणीपुरता कुणाकडून तरी मागून घे, पण त्याआधी त्याची वायर बघ.